स्प्रिंगबॉकच्या कातड्याची उशी घरी कशी करायची: साउथ आफ्रिकेत नवीन आलेल्यांसाठी

जोबर्ग (म्हणजे जोहान्सबर्ग)-प्रिटोरियाकडे नवीन आलेली मराठी मंडळी पहिल्या-दुसऱ्या लाँग वीकेंडला कुठल्यातरी गेम लॉजवर (गेम म्हणजे इथले हरणासारखे जंगली प्राणी) जाऊन येतात, तिथल्या सोफ्यावर त्या स्प्रिंगबॉक नावाच्या इथल्या हरणाच्या कातड्याच्या तपकिरी-पांढऱ्या केसाळ उशा बघतात, आणि मग मला फोन येतो. कुठे मिळतात गं, खऱ्या असतात का, घरी शिवता येतात का, आणि शेवटी हळूच, पुण्याला नेता येतात का. दर वेळी फोनवर तासभर तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदा लिहूनच टाकते. मी काही यातली एक्सपर्ट वगैरे नाही, सेंच्युरियनला राहते, आईची शिवणाची सवय अंगात आहे आणि आतापर्यंत पंधरा-सोळा अभ्रे शिवलेत, त्यातले पहिले दोन वाया गेले. कसे गेले ते पण सांगते, कारण त्यातूनच शिकले.

आधी हे की ज्यांना कातडं हा प्रकारच नको वाटतो त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. माझी नणंद आमच्याकडे आली की त्या उशा उचलून दुसऱ्या खोलीत ठेवते, आम्ही काही भांडत नाही. पण इथली परिस्थिती आपल्यापेक्षा वेगळी आहे ते समजून घ्या. इथे हरणं वगैरे प्राणी कुंपण घातलेल्या खाजगी फार्मवर पाळतात, १९९१ च्या गेम थेफ्ट कायद्यानुसार नीट कुंपण असेल तर ते जनावर त्या शेतकऱ्याच्या मालकीचं धरलं जातं. थंडीत, म्हणजे इथल्या मे ते ऑगस्टमध्ये, शिकारीचा सीझन असतो, मांस विकलं जातं, बिल्टाँग होतं (बिल्टाँग म्हणजे मसाला लावून वाळवलेलं मांस, पेट्रोल पंपावर सुद्धा मिळतं), आणि कातडं मागे उरतं. उशीला येतं ते हे उरलेलं कातडं. म्हणून मी ज्या जनावराचं मांस लोक रोज खातात त्याचंच कातडं घेते, स्प्रिंगबॉक, ब्लेसबॉक, इंपाला. झेब्रा मी घेत नाही. हे माझं मत आहे, तुम्ही तुमचं ठरवा.

कुठलं कातडं कशाला

दुकानात गेलात की भिंतीवर दहा प्रकारची कातडी लटकलेली असतात आणि डोकं चालत नाही. तर थोडक्यात सांगते.

स्प्रिंगबॉक हे नवशिक्यांसाठी एक नंबर. कातडं पातळ आणि मऊ, घरच्या शिलाई मशीनवर शिवलं जातं. पाठ दालचिनीच्या रंगाची, दोन्ही कुशींना गडद चॉकलेटी पट्टा आणि खाली पोट पांढरंशुभ्र. आणि पाठीच्या मधोमध, कंबरेपासून शेपटीपर्यंत, लांब पांढऱ्या केसांची एक रेघ असते. जिवंतपणी ती कातडीच्या घडीत मिटलेली असते, जनावर उड्या मारायला लागलं की पंख्यासारखी उघडते. उशीवर हीच रेघ मधोमध आली पाहिजे, नाहीतर स्प्रिंगबॉक घेऊन उपयोग काय. याच्यात काळा, पांढरा आणि कॉपर असे रंग पण मिळतात, ते फार्मवाल्यांनी मुद्दाम वाढवलेले असतात आणि साध्यापेक्षा महाग असतात.

ब्लेसबॉक लालसर तपकिरी, केस आखूड, त्याला जांभळट झाक असते जी फोटोत कधीच येत नाही. इंपाला दोन रंगात, वरती गडद आणि बाजूला फिकट, एकदम साधा पण सुंदर. कुडू म्हणजे राखाडी-तपकिरी आणि त्यावर खडूने ओढल्यासारख्या पातळ पांढऱ्या उभ्या रेघा, काय दिसतं म्हणून सांगू, पण कातडं मोठं आणि चिवट, घरच्या मशीनच्या सुया मोडतात, शिवाय कुडू काटेरी झुडपातून हिंडतो त्यामुळे त्याच्या अंगावर ओरखडे असतातच, तो दोष नाही, इथले लोक ते ओरखडे असलेलं कुडूचं चामडं बुटांसाठी मुद्दाम मागतात.

न्गुनी म्हणून एक मिळतं, काळे-पांढरे-तांबडे ठिपके, ती गाय आहे बरं का. दुकानदार गेम स्किनच्या शेजारीच लावतो आणि आपल्याला कोणी सांगत नाही. आमच्या ओळखीत एकांनी आवडीने दोन उशा घेतल्या आणि घरी आजी आलेल्या, पुढचं तुम्ही समजून घ्या.

आणि झेब्र्याचे पट्टे छापलेलं गाईचं कातडं पण सर्रास असतं. ओळखायचं कसं, तर काळ्या पट्ट्यातले केस बोटांनी बाजूला करून मुळाशी बघा. छापलेल्यात रंग वरवर असतो, मुळाशी केस पांढरा राहतो. खऱ्या झेब्र्यात केस मुळापर्यंत काळा आणि पाठीच्या कण्यावरून आयाळीची रेघ खाली उतरलेली. छापलेलं घ्यायला काही हरकत नाही, फक्त खऱ्याचे पैसे देऊ नका.

कातडं हातात घेऊन बघणं, इथे घाई करू नका

माझा पहिला अभ्रा इथेच वाया गेला. रविवारच्या बाजारात एका स्टॉलवर स्वस्तात स्प्रिंगबॉक मिळालं, घरी आणून बेडवर पसरलं, दुसऱ्या दिवशी उचललं तर चादरीवर पोटाच्या आकाराची केसांची रांगोळी. याला इथले लोक हेअर स्लिप म्हणतात. जनावर मारल्यावर कातडं वेळेत मिठात घातलं नाही तर केसांच्या मुळाशी सडायला सुरुवात होते, नंतर कितीही चांगलं कमावलं तरी तिथले केस धरत नाहीत. आणि यावर उपाय नाही, म्हणजे खरंच नाही, मी हेअर स्प्रेपासून सगळं करून बघितलं.

म्हणून दुकानातच करायचं ते असं. कातडं टेबलवर पसरा. पोटाच्या कडेला, पायांच्या बेचक्यात आणि मानेजवळ असे तीन ठिकाणी दहा-पंधरा केस चिमटीत धरा आणि केस ज्या दिशेने बसलेत त्याच दिशेने हळू ओढा. दोन-चार केस हातात आले तर ठीक, स्प्रिंगबॉकचे केस ठिसूळच असतात, थोडे तुटतातच. पण अख्खी चिमूट हातात आली तर नमस्कार करा आणि पुढच्या दुकानात जा. मग तेच कातडं उलटं करा. मागच्या बाजूला गोळीचं भोक असतं, ते बहुतेक वेळा शिवलेलं असतं, हरकत नाही, फक्त आपल्या उशीच्या चौकोनात कुठे येतंय ते बघा. मग नाक लावून वास घ्या, लाजू नका. चांगल्या कातड्याला नव्या चपलेसारखा वास येतो. खवट तेलाचा किंवा ओल्या कुत्र्याचा वास आला तर चरबी नीट काढलेली नाही, तो वास पहिल्या पावसात वर येतो. शेवटी कातडं घडी घालून कानाजवळ धरा, कागदासारखं कडकडलं तर नको, जाड मांजरपाटासारखं पडलं पाहिजे.

मागच्या बाजूचा रंग पण काहीतरी सांगतो. साधारणपणे निळसर-राखाडी झाक म्हणजे क्रोममध्ये, म्हणजे क्रोमियमच्या रसायनात, कमावलेलं, लालसर तपकिरी म्हणजे झाडाच्या सालीत कमावलेलं, पांढरं म्हणजे तुरटीत असण्याची शक्यता. झाडाची साल म्हणजे इथे बहुतेक ब्लॅक वॉटल, मूळ ऑस्ट्रेलियाचं झाड, क्वाझुलू-नाताळकडे त्याची लागवडच आहे, आणि गंमत म्हणजे ते आपल्या बाभळीच्या नात्यातलं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, तेच तंत्र. माझ्या आजोळी कोल्हापूरला चपलांच्या गल्लीत जो वास यायचा तो मला इथे एका टॅनरीच्या (कातडी कमावायच्या कारखान्याच्या) दारात आला तेव्हा मी दोन मिनिटं नुसती उभी राहिले होते.

दुकानदाराला सरळ विचारा की कशात कमावलंय. तुरटीचं असेल तर शोभेला चालेल पण पाण्याशी त्याचं वैर, ते पुढे येईलच.

आणि कच्चं, मीठ लावलेलं कातडं कोणी फुकट दिलं तरी घरी आणू नका. नवऱ्याच्या ऑफिसमधले लोक शिकारीला जातात आणि प्रेमाने देऊ करतात. त्यात गोचीड असतात, चरबी असते, आणि घरच्या बाल्कनीत कमावणं हा आपला उद्योग नाही. घ्यायचंच तर त्यांना सांगा की टॅनरीत टाकून द्या, टॅनरी काही महिने लावते पण करून देते.

बिल घ्या. बिलावर जनावराचं नाव आणि दुकानाचं नाव लिहून घ्या आणि ते जपून ठेवा, फोटो काढून ठेवला तर उत्तम. इथून दुसऱ्या कुठल्या देशात शिफ्ट व्हायची वेळ आली तर पहिलं हेच विचारतात.

बाकीचं सामान

मागच्या बाजूला कापड लागेल. दोन्ही बाजूंनी कातडं लावू नका, महाग पडतं, उशी जड होते आणि झिप लावताना रडू येतं. मी मागे श्वेश्वे लावते. श्वेश्वे म्हणजे इथलं बारीक नक्षीचं छापील कॉटन, मूळ रंग निळा, आता तपकिरी आणि लाल पण येतो, लेसोथोच्या मोश्वेश्वे राजाच्या नावावरून नाव पडलं असं सांगतात. थ्री कॅट्स छापाचं ईस्टर्न केपमधल्या झ्वेलित्शाच्या मिलमधलं असतं, ते खरं मानतात. नवीन असताना पुठ्ठ्यासारखं कडक असतं, खळ असते भरपूर, धुतलं की मऊ होतं आणि आटतं. म्हणून आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. नाहीतर काय होईल, कातडं जागेवर राहील आणि मागचं कापड आटून उशीची पुरी होईल. श्वेश्वे नसेल तर जाड लिनन किंवा कॅनव्हास. सॅटिन नको, केसाळ कातड्याला सॅटिन म्हणजे कांबळ्याला जरीचे काठ.

जोबर्गवाल्यांनी फोर्ड्सबर्गच्या ओरिएंटल प्लाझात जावं, कापड, झिपा, सुया, दोरे सगळं एका छताखाली आणि दुकानदार बहुतेक आपल्याकडच्या मुळाचे, गुजराती-उर्दू मिसळून भाव करता येतो. जोबर्गच्याच पेजव्ह्यू या वस्तीतून ज्या इंडियन व्यापाऱ्यांना वर्णभेदाच्या काळात उठवलं त्यांच्यासाठी सत्तरच्या दशकात ही जागा बांधली गेली. जाताना समोसे खाऊन या, तो वेगळा विषय.

बाकी यादी: लेदरची सुई, मशीनसाठी १६ नंबर, हिला टोकाला धार असते त्यामुळे ती कातडं कापत जाते. हाताने शिवायचं तर तिधारी टोकाची सुई मिळते, ग्लोव्हर्स नीडल म्हणून मागा. दोरा पॉलिस्टरचा, कॉटनचा नको, कातड्यातल्या रसायनांनी कॉटनचा दोरा काही वर्षांत कुजतो. टाचण्यांऐवजी कपड्यांचे छोटे चिमटे, कारण कातड्यात टाचणीचं भोक कायमचं राहतं. एक धारदार कटर आणि त्याची दोन-तीन नवी पाती. पातळ मांजरपाट अस्तरासाठी. एक जुना कंगवा. आणि आतली उशी, अभ्र्यापेक्षा ५ सेंटीमीटर मोठी घ्या, म्हणजे ४५ च्या अभ्र्यात ५० ची, मगच कोपरे भरतात. पिसांची असेल तर छान बसते, फायबरची पण चालेल. कापूस इथे पिंजून देणारा कोणी मिळत नाही, नाहीतर मी तोच भरला असता.

कापणं

माझा दुसरा अभ्रा इथे गेला. मी सरळ आईची मोठी कात्री घेतली आणि कापडासारखं सर्रर्र कापलं. कातडं सरळ कापलं गेलं पण वरचे केस पण सरळ कापले गेले, आणि उशी शिवल्यावर चारी बाजूंनी न्हाव्याने मशीन फिरवल्यासारखी उघडी कड दिसायला लागली. कातडं कात्रीने कापायचं नाही. कधीच नाही.

तर असं करा. कातडं केसांची बाजू खाली करून टेबलवर ठेवा. त्याआधी सुलट्या बाजूने पांढरी रेघ कुठे आहे ते बघून, मागच्या बाजूला बॉलपेनने कण्याची रेघ आखून घ्या, आणि मान कुठल्या बाजूला आहे तिथे बाण काढा. केस मानेकडून शेपटीकडे बसलेले असतात. उशीवर मानेची बाजू वर आणि शेपटीची बाजू खाली आली पाहिजे, म्हणजे हात वरून खाली फिरवला की गुळगुळीत लागतं. उलटं लावलं तर उशी कायम विस्कटलेली दिसते, जशी काही आत्ताच झोपेतून उठलीय. एकापेक्षा जास्त तुकडे जोडणार असाल तर सगळ्यांचे बाण एकाच दिशेला, हे विसरू नका.

मग पुठ्ठ्याचा चौकोन कापून घ्या. ४५ सेंटीमीटरचा अभ्रा हवा तर पुठ्ठा ४७ चा, म्हणजे चारी बाजूंना १-१ सेंटीमीटर माया. पुठ्ठ्यावर मधली रेघ मारा, ती कण्याच्या रेघेवर ठेवा आणि वर-खाली सरकवून बघा. दोन्ही कुशींचे चॉकलेटी पट्टे दोन्ही बाजूंना सारखे आले पाहिजेत. लहान कातडं असेल तर ४५ मध्ये बाजूला पोटाचा पांढरा भाग येतो, तो पातळ आणि कमजोर असतो, शिवणीवर फाटतो. अशा वेळी ४० चा चौकोन करा, हट्ट करू नका. गोळीचं भोक मधे येत असेल तर पुठ्ठा दोन बोटं सरकवा, अगदीच नाही जमलं तर मागून बारीक टाक्यांनी भोकाच्या कडा जोडून घ्या, स्प्रिंगबॉकच्या केसांत ते लपतं.

आता कटर. पातं नवीन, हात हलका, फक्त कातडं कापायचं, खाली केसांना लागलं नाही पाहिजे. मी काय करते, कातडं डाव्या हाताने टेबलापासून थोडं उचलून धरते आणि हवेतच पात्याच्या टोकाने रेघेवरून जाते. एकदम पूर्ण कापायची घाई नाही, दोन वेळा गेलात तरी चालेल. शेवटी दोन भाग हळूच बाजूला ओढले की केस आपोआप एकमेकांतून सुटतात, अख्खेच्या अख्खे, लांब. ते बघायला फार मस्त वाटतं. कोपरे किंचित गोल कापा, टोकदार कोपऱ्यात कातडं दुमडून गाठ होते.

हे सगळं जुनी चादर पसरून, दार बंद करून आणि पंखा बंद ठेवून करा. आणि घरात कुत्रं असेल तर त्याला बाहेर. शेजारचा लॅब्राडोर एकदा आत आला होता, त्याच्या दृष्टीने मी टेबलावर हरीण वाढून ठेवलं होतं.

शिवणं

कातड्याच्या मागे आधी मांजरपाटाचं अस्तर लावा. त्याच मापाचा चौकोन कापून कडेने हाताने धावदोरा घाला. हे बऱ्याच ठिकाणी सांगत नाहीत पण अस्तराने कातडं ताणलं जात नाही आणि उशी वर्षभराने पोट सुटल्यासारखी दिसत नाही.

मागच्या कापडात झिप आधीच बसवून घ्या, खालच्या कडेपासून पाचेक सेंटीमीटर वर. कातड्यात झिप घालू नका, केस झिपेत अडकतात आणि मग उशी धुवायच्या आधीच टकली होते. (धुवायची नाहीच आहे, सांगते पुढे.) झिप लावून झालेला मागचा भाग पण ४७ चा हवा, मोजून बघा.

आता कातडं आणि कापड सुलट्या बाजू समोरासमोर. कडेचे सगळे केस कंगव्याने आत, उशीच्या मधल्या भागाकडे विंचरा आणि मग चिमटे लावा, दर दोन-तीन इंचाला एक. केस शिवणीत जितके कमी अडकतील तितकी शिवण नंतर दिसणार नाही. आणि झिप अर्धी उघडी ठेवा! चारी बाजू शिवून झाल्यावर उलटवणार कुठून? मी हे केलेलं आहे, हो, म्हणून सांगतेय.

मशीनवर टाका मोठा ठेवा, साडेतीन ते चार मिलिमीटर. बारीक टाके घातले तर कातड्याला पोस्टाच्या तिकिटासारखी भोकं पडतात आणि तिथूनच फाटतं. शिवताना कापडाची बाजू वर आणि कातड्याची खाली ठेवा, मशीनचे दात कातड्याला नीट पुढे ढकलतात. अडकत असेल तर मधे ओव्हनचा बेकिंग पेपर धरा, नंतर फाडून टाका. सावकाश. सुरुवातीला आणि शेवटी उलट टाका जास्त मारू नका, दोऱ्याची गाठ मारा. चुकलं तर उसवता येतं पण भोकं राहतात, म्हणजे उसवणं हा पर्याय नाही असंच धरून चाला. माझ्याकडे २०२३ मध्ये नेमकं तिसऱ्या बाजूला लोडशेडिंग आलं, दोन तास सुई कातड्यात रुतलेली तशीच, आम्ही मेणबत्ती लावून बाजूला खिचडी खाल्ली.

मशीन जमत नसेल तर हाताने शिवा, खरंच वाईट नाही. तिधारी सुई, दुहेरी दोरा, एकेक टाका मागे येऊन घालायचा. एका अभ्र्याला दोन संध्याकाळी जातात.

उलटवल्यावर कडा बघा, केस अडकून शिवण दबलेली दिसेल. आता बोथट सुई घेऊन शिवणीतून एकेक झुबका बाहेर ओढा. हे काम कंटाळवाणं आहे, अर्धा तास जातो, पण याच्यानेच दुकानातली उशी आणि आपली उशी सारखी दिसते. मग कंगवा फिरवा, आतली उशी भरा, झिप लावा.

मशीनचं बॉबिन उघडून ब्रशने साफ करा लगेच. हे केस आत जाऊन तेलात बसतात आणि पुढच्या वेळी ब्लाउज शिवताना निघतात.

सांभाळणं

धुवायची नाही. मशीनमध्ये नाही, हाताने नाही, ड्राय क्लीनरकडे पण नाही. माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या, मी ऑफिसला, त्यांना वाटलं सोफ्याचे अभ्रे मळलेत, माउलीने कोमट पाण्यात भिजवले आणि दोरीवर उन्हात टाकले. त्यातला एक तुरटीचा होता. तुरटी पाण्यात निघून जाते आणि उरतं ते कच्चं कातडं, ते वाळलं की पापड. म्हणजे खरोखर पापड, वाजवता येत होता. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत, त्यांना वाटलं मी रागावले. मी कसली रागावतेय, मला फोटो काढायचा होता.

चहा सांडला तर कोरड्या कपड्याने टिपा, पुसू नका, मग ओलसर कपडा केसांच्या दिशेने, आणि सावलीत वाळू द्या. हेअर ड्रायर नको. धूळ काढायला बाहेर नेऊन हलके झटका. व्हॅक्यूम लावायचा तर एकदम कमी ओढीवर. खिडकीतलं इथलं ऊन फार कडक, समोरासमोर ठेवली तर वर्षभरात दालचिनीचा रंग वाळक्या गवतावर येतो. डर्बनला राहणाऱ्यांना बुरशीची भीती जास्त, त्यांनी उशी प्लास्टिकच्या पिशवीत कधीही कोंडू नये, कॉटनच्या पिशवीत ठेवावी. कसर लागते म्हणून डांबराच्या गोळ्या, पण थेट कातड्यावर नाही, कपड्यात गुंडाळून.

आणि केस गळतात. स्प्रिंगबॉक थोडं गळणारच, त्याच्यासाठी काळे कपडे घालून सोफ्यावर लोळू नका. ज्यांच्या घरी रांगणारं बाळ आहे त्यांनी दोन वर्षं थांबा. रोज टेकायला नको ती उशी, कोपऱ्यातल्या खुर्चीवर शोभेला ठेवा. जमिनीवर तर अजिबात नको, पायाखाली केस तुटून महिन्यात टक्कल पडतं.

पुण्याला नेऊ का?

नाही.

आता का ते सांगते, कारण यावर सगळे वाद घालतात. "स्प्रिंगबॉक काय धोक्यातलं जनावर आहे का, साइटीसच्या यादीत पण नाही." बरोबर आहे, साइटीस म्हणजे वन्यजीवांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या याद्यांमध्ये स्प्रिंगबॉक, कुडू, इंपाला, ब्लेसबॉक नाहीत. साधा मैदानी झेब्रा पण नाही, मात्र डोंगरी झेब्रा आहे, आणि २०१९ पासून जिराफ पण आहे. आपल्याला दोन झेब्र्यांमधला फरक उशीवरून कळणार आहे का? हे पण एक कारण मी झेब्रा न घेण्याचं.

पण यादीत नाही म्हणजे बॅगेत चालतं असं नाही. भारतात कस्टम्स प्रवाशांना ज्या वस्तूंची बंदी सांगतं त्यात वन्यजीवांपासून केलेल्या वस्तू आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइटीसच्या याद्या कायद्यातच आल्या. आणि व्यवहाराचं बोलायचं तर स्प्रिंगबॉक आपल्या काळविटाच्या आणि चिंकाऱ्याच्या गोतावळ्यातलंच. मुंबईच्या एअरपोर्टवर रात्री तीन वाजता ऑफिसरने तुमच्या बॅगेतून तपकिरी-पांढरं हरणाचं कातडं बाहेर काढलं की तुम्ही त्याला आफ्रिकेतलं बिल दाखवत बसणार? त्याला ते हरीणच दिसणार. पूर्वी मुंजीत बटूला मृगाजिनाचा तुकडा बांधायचे, माझ्या काकांच्या घरी जुना होता, आता तोही कोणी बाहेर काढत नाही.

इथून ऑस्ट्रेलियाला शिफ्ट होणाऱ्यांनी तिथे उतरताना भरायच्या प्रवासी कार्डावर प्राणिजन्य वस्तू म्हणून डिक्लेअर करायचं, न सांगता नेलं तर दंड. बाकी देशांचं त्या त्या देशाच्या साइटवर, सामान बांधायच्या आधी बघा, मूव्हर्सवाल्याच्या "नो प्रॉब्लेम मॅडम" वर जाऊ नका.

मग पुण्याला काय नेता, तर त्याच मापाचे पूर्ण श्वेश्वेचे अभ्रे. तोच पुठ्ठ्याचा चौकोन, तीच झिप, फक्त दोन्ही बाजूंना कापड. आईकडे निळे चार आहेत, ती दर आठवड्याला खुशाल मशीनमध्ये टाकते. कापलेल्या कातड्याच्या उरलेल्या पट्ट्या टाकू नका, पायांकडचे तुकडे पाच-पाच सेंटीमीटरचे चौकोन कापून जमवा, चार-पाच कातड्यांचे झाले की एक पॅचवर्क उशी होते. बाण मात्र प्रत्येक चौकोनामागे काढून ठेवा, नंतर दिवसाउजेडी सुद्धा कळत नाही मान कुठली आणि शेपूट कुठलं.